मागचं चाक मोकळं फिरेना: एका रिमोट गाडीच्या ॲक्सलचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरीतल्या एका सोसायटीत राहणारा आठवीतला मुलगा. दिवाळीत त्याच्या वडिलांनी त्याला वापरलेली रिमोट बग्गी घेऊन दिली. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, मागच्या दोन चाकांवर चालणारी, मागे ५४० मापाची ब्रशची मोटर, सहा सेलची ७.२ व्होल्टची ३००० एमएएचची (म्हणजे तासभर ३ अँपिअर देऊ शकणारी) बॅटरी. खेळण्याच्या दुकानातली गाडी अख्खी बदलावी लागते. ही तशी नव्हती. तिचा प्रत्येक भाग सुटा होतो आणि सुटाच मिळतो. म्हणूनच ती शिकायला उत्तम.

मी शनिवारी दुपारी घराच्या गॅलरीत टेबल मांडून मुलांच्या अशा गाड्या दुरुस्त करतो. पैसे घेत नाही. अट एकच, मुलानं शेजारी बसून स्क्रू स्वतः काढायचे. हे प्रकरण तीन शनिवार चाललं. माझ्याकडून त्यात दोन चुका झाल्या, आणि त्या चुकांमुळेच ते लिहून ठेवण्यासारखं वाटतं.

नेमकी अडचण

मुलगा म्हणाला, "काका, मागची चाकं जड झालीत. आधी बॅटरी बारा मिनिटं चालायची, आता सातच."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं, पण त्याचं गणित नंतर केलं. ३००० एमएएचची बॅटरी बारा मिनिटांत संपते म्हणजे गाडी सरासरी १५ अँपिअर ओढते. सात मिनिटांत संपली तर जवळपास २६. मोटरच्या तांब्यात होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथं जवळजवळ तिप्पट. मोटरच्या डब्यावर बोट टेकवत नव्हतं, याचं कारण हेच.

गाडी एका स्टीलच्या डब्यावर उलटी ठेवली, बॅटरी काढली आणि चाकं हातानं फिरवून पाहिली. डावं चाक अर्धी फेरी घेऊन थांबायचं. उजवंही जड, पण वेगळ्या तऱ्हेनं जड: चिकटल्यासारखं. बॅटरी काढलेली होती, त्यामुळे रिमोटच्या सेटिंगमधल्या ब्रेकचा संशय तिथंच मिटला. दोष यंत्रातच होता.

पहिला शनिवार

वडिलांनी येण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या होत्या. चाकांच्या आत गंज काढायचा स्प्रे मारला होता आणि दोन नवी बेअरिंग आणली होती. स्प्रेनं बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन निघालं होतं आणि ओल्या जागी पार्किंगची धूळ चिकटून काळा लगदा झाला होता. डावीकडचं बेअरिंग बोटावर फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं कुरकुरत होतं. मला वाटलं, झालं, दोष सापडला.

या गाडीत चाकाजवळचं बेअरिंग ५ मिमी आतून, १० मिमी बाहेरून आणि ४ मिमी जाड असतं. बेअरिंगच्या दुकानात त्याला एमआर १०५ म्हणतात. गिअरबॉक्समधलं मोठं १०, १५ आणि ४ मिमीचं; त्याचा नंबर ६७००. हे नंबर माहीत असले की सुटे भाग छंदाच्या दुकानातूनच घ्यावे लागत नाहीत, साध्या बेअरिंगवाल्याकडेही विचारता येतं.

डावीकडची दोन्ही बेअरिंग बदलली. उजवीकडं तेलाचा थेंब सोडला. चाक लावलं, नट बोटानं फिरवून टेकवला आणि चाकाला टिचकी मारली. आधीपेक्षा मोकळं फिरलं. मुलगा खूश, वडील खूश, मीही. पक्कं आवळायचं काम घरी करा म्हणून त्यांना पाठवून दिलं.

ही माझी पहिली चूक. नट बोटानं टेकवलेला असताना मी चाक तपासलं होतं. गाडी पळते ती नट पान्यानं आवळलेला असताना. जी अवस्था मैदानात असते, ती मी टेबलावर आणलीच नाही.

आठवड्यानं

पुढच्या शनिवारी गाडी परत आली. बॅटरी आठ मिनिटं. नवं बेअरिंग, जेमतेम आठवड्याचं, कुरकुरायला लागलेलं. या वेळी मुलासोबत त्याचे आजोबा आले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणालो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत फिटर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं.

उजवं चाकही जड असल्यानं मी म्हणालो, दोन्हीकडं त्रास आहे म्हणजे दोष मधे असणार, डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीत. गिअरबॉक्स उघडला. दोन तास गेले. आतले गिअर धडधाकट, सिलिकॉनचं तेल जागेवर, रबरी कड्या शाबूत. सगळं पुसून पुन्हा बसवलं. ही दुसरी चूक, आणि ती समजावून सांगायला हवी, कारण ती बहुतेकांकडून होते.

डिफरन्शिअल असलेल्या गाडीत एक चाक फिरवून त्याच चाकाबद्दल काही ठरवता येत नाही. मोटरचा छोटा गिअर मोठ्या गिअरला लागलेला असताना उजवं चाक फिरवा: एक तर डावं चाक उलटं फिरतं, नाहीतर मोटर फिरते. वाट या दोनच. डावं चाक जाम असेल तर सगळा जोर मोटरवर येतो. या गाडीत मोटरच्या आठ फेऱ्यांना चाकाची एक फेरी असं गुणोत्तर होतं. डावं धरून उजव्याची एक फेरी केली की डिफरन्शिअलची पेटी अर्धी फेरी घेते, म्हणजे बोटानं मोटर चार फेऱ्या फिरवावी लागते. त्यात ब्रशच्या मोटरचे चुंबक स्वतःच अडतात: दोन ध्रुव आणि तीन दाते असलेल्या मोटरमध्ये एका फेरीत सहा जागी. म्हणजे उजवं चाक हातात धरून मी डावीकडचा दोष आणि मोटरचं चुंबक, दोन्ही चाचपत होतो, आणि त्याला उजवीकडचा दोष म्हणत होतो.

आबांचा प्रश्न

आबा दोन तास शांत बसले होते. मी गिअरबॉक्स बंद केल्यावर त्यांनी डावं चाक दोन बोटांत धरलं, आत-बाहेर हलवून पाहिलं आणि नातवाला विचारलं, "बाळा, हा नट कोण आवळतं?"

"बाबा. मागं एकदा चाक निघून पडलं होतं, तेव्हापासून तेच आवळतात."

"कुठल्या पान्यानं?"

"आपल्या लांब पान्यानं."

आबा माझ्याकडं वळले. "सर, याला प्लेच नाही, जरासुद्धा हलत नाही. शाफ्टला थोडा तरी प्ले पाहिजे. नट जरा सैल करा."

सात नंबरचा पाना लावून मी नट पाव फेरी सोडला. चाकाला टिचकी मारली. जे चाक अर्ध्या फेरीत थांबत होतं ते बरंच मोकळं फिरलं. पुन्हा पाव फेरी आवळला, पुन्हा थांबलं. मुलानं ते चार वेळा स्वतः करून पाहिलं. बेअरिंग, तेल, डिफरन्शिअल सगळं तेच. बदलत होती ती नटाची पाव फेरी.

कारण काय होतं

ॲक्सल बाहेर काढला तेव्हा कारण दिसलं. चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकामागं ॲक्सल धरणाऱ्या तुकड्यात, दोन बेअरिंग असतात, एक आतल्या तोंडाला, एक बाहेरच्या. त्यांच्या बाहेरच्या कड्या हबमधल्या पायऱ्यांना टेकतात. ॲक्सल आतून येतो आणि त्याचा जाड खांदा आतल्या बेअरिंगच्या आतल्या कडीला टेकतो. बाहेरच्या बाजूला ॲक्सलमधून आडवी पिन जाते, तिच्यावर १२ मिमीचा षट्कोनी तुकडा बसतो, ज्याला सगळे हेक्स म्हणतात, आणि त्यावर चाक. नट आवळला की चाक हेक्सवर दाबलं जातं आणि हेक्स पिनेवर. पिन सगळा जोर झेलते. बेअरिंगवर काहीच येत नाही. रचना अशी असायला हवी.

इथं हेक्स प्लास्टिकचा होता. लांब पान्यानं वारंवार आवळल्यानं पिन त्याच्या खाचेत रुतली होती. आबांनी व्हर्नियर लावला: डावीकडची खाच उजवीपेक्षा ०.४ मिमी खोल. तेवढाच हेक्स आत सरकला होता आणि पिनेऐवजी बेअरिंगवर टेकत होता. आता नट आवळला की हेक्स बाहेरच्या बेअरिंगची आतली कडी आत ढकलणार आणि ॲक्सलचा खांदा आतल्या बेअरिंगची कडी बाहेर ओढणार. दोन बेअरिंग एकमेकांकडं चिमटली जाणार, मधल्या गोळ्या कडेकडेनं घासणार. नवी बेअरिंग आठवड्यात का गेली, याचं उत्तर या ०.४ मिलिमीटरमध्ये होतं.

उजवी बाजू

डावीकडचं कळल्यावर मी आधीच करायला हवं होतं ते केलं. मोटरचे स्क्रू सैल करून तिचा गिअर मागं घेतला. दोन्हीकडचे ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत फिरणारे दांडे, काढले. आता डावा हब एकटा, उजवा हब एकटा, गिअरबॉक्स एकटा. तिन्ही वेगवेगळे फिरवले. गिअरबॉक्स लोण्यासारखा. डावा हब नट सैल असताना मोकळा. उजवा हब नट सैल असला तरी जड.

म्हणजे उजवीकडं दुसरंच काहीतरी होतं. ॲक्सल आतल्या बाजूला ढकलून पूर्ण बाहेर काढला. खांदा आणि आतलं बेअरिंग यांच्या मधे काचेसारखी चमकणारी कडक कडी बसली होती. मुलानं चिमट्यानं तिचं टोक सोडवलं आणि ओढलं. एक हातभर धागा निघाला.

नायलॉनचा मांजा. गाडी संक्रांतीनंतर पार्किंगमध्ये पळवली होती. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापणारी ही वस्तू तरी दर जानेवारीत विजेच्या तारांवर, झाडांवर आणि जमिनीवर दिसते. सुती दोरा असता तर गुंडाळला गेला असता, तुटला असता. नायलॉन तुटत नाही. घर्षणानं तो तापला, थोडा वितळला आणि एकसंध कडी होऊन बसला. बेअरिंगच्या रबरी सीलची कड त्यानं कापली होती. ॲक्सलच्या पोलादावर नखाला जाणवेल इतकी खाच पाडली होती.

पहिल्या शनिवारी उजवीकडं फक्त तेल सोडून मी पुढं गेलो होतो. ॲक्सल पूर्ण काढला असता तर हे तेव्हाच हाती लागलं असतं.

समोर असलेले पर्याय

उजवीकडं निवड फारशी नव्हती. मांजा काढायचा, सील फाटलेलं बेअरिंग बदलायचं, दुसरं धुऊन वापरायचं. ॲक्सल मात्र बदलायचा की नाही, यावर बोलणं झालं. खाच बेअरिंगच्या बैठकीत नव्हती, खांद्याजवळ होती. मी ठेवायचं म्हणालो.

डावीकडं खरा विचार करावा लागला.

नट कायम सैल ठेवायचा, हा फुकटचा उपाय. नायलॉक नट आतल्या नायलॉनच्या कडीनं धरून राहतो, त्यामुळे तो लगेच पडत नाही. पण चाक हेक्सवर सैल राहिलं की प्रत्येक धक्क्याला खडखडतं आणि चाकातला षट्कोन गोल होतो. नट सैल करणं ही तपासणी म्हणून उत्तम, उपाय म्हणून वाईट.

हेक्स आणि बेअरिंगच्या मधे पातळ वॉशर टाकावा, असं वडिलांनी फोनवर सुचवलं. सहज सुचणारी गोष्ट आहे, पण त्यानं आजार वाढला असता. जागा आधीच कमी पडत होती. वॉशरनं ती आणखी कमी झाली असती.

आबांनी दोन बेअरिंगच्या आतल्या कड्यांमध्ये बसणारी नळी लेथवर करून आणायची तयारी दाखवली. तत्त्वानं हा सर्वांत पक्का उपाय. नळी असली की नट कितीही आवळा, कड्या चिमटत नाहीत. अडचण मापाची. नळी थोडी आखूड झाली तर उपयोग शून्य, थोडी लांब झाली तर ॲक्सल आत-बाहेर डुलणार. आबांच्या हाताबद्दल मला शंका नव्हती, पण त्या प्लास्टिकच्या हबच्या पायऱ्या शंभराव्या हिश्शापर्यंत सारख्या असतील याची खात्री वाटेना.

शेवटचा पर्याय ॲल्युमिनियमचा हेक्स. पिन त्यात इतक्या सहज रुतत नाही. माप मूळचंच, लावायला दोन मिनिटं. आम्ही हा घेतला, दोन्ही चाकांना. आबांना नळी करायची फार इच्छा होती, ते थोडे हिरमुसले. त्यांचा उपाय चुकीचा नव्हता, हे त्यांना मी तेव्हा सांगितलं आणि इथंही लिहितो.

तिसरा शनिवार

हेक्स आले, बेअरिंग आलं. उजवीकडचं जुनं बेअरिंग मुलानं धुतलं. टाचणीनं रबरी सील हलकेच उचलून काढलं, बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवलं, सुकवलं. पेट्रोलनं रबर फुगतं आणि मुलाच्या हातात पेट्रोल द्यायची माझी तयारीही नव्हती. सुकल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

मग जोडणी, उलट क्रमानं आणि प्रत्येक पायरीला फिरवून बघत. आधी नुसता हब, नट पूर्ण आवळून: मोकळा. मग ड्राइव्ह शाफ्ट घालून, सस्पेन्शन पूर्ण वर दाबून आणि पूर्ण खाली सोडून: मोकळा. ही तपासणी वेगळी करावी लागते, कारण शाफ्ट लांब पडत असेल तर चाक मधल्या उंचीवर छान फिरतं आणि खड्ड्यात दाबलं की अडकतं. मग दुसरी बाजू. मोटरचा गिअर सर्वांत शेवटी.

दोन गिअरमधलं अंतर ठेवायला वहीच्या कागदाची पट्टी वापरली. पट्टी दोन गिअरच्या मधे धरायची, मोटर पुढं ढकलून स्क्रू आवळायचे आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. ती करवतीच्या दात्यांसारखी दुमडून यावी, पण फाटू नये. पट्टी पहिल्यांदा फाटलीच. म्हणजे आधीची जुळणीही बहुधा घट्ट होती, पण मोटर मी आधी हलवल्यानं हे सिद्ध करायला पुरावा उरला नव्हता. मोठा गिअर चार वेगवेगळ्या जागी तपासला, कारण प्लास्टिकचा गिअर क्वचितच अगदी गोल असतो. एका जागी थोडं घट्ट लागलं, तिथं धरून जुळवलं.

निकाल

हब सुटा असताना टिचकीवर आठ-दहा फेऱ्या. मोटर जोडल्यावर चाक त्यापेक्षा लवकर थांबतं, आणि मुलगा क्षणभर निराश झाला. त्याला मोटर काढून पुन्हा दाखवलं, मग जोडून. चुंबकाचा अडथळा बोटाला टकटक असा जाणवतो, ठरावीक अंतरानं, आणि तो गुळगुळीत असतो. घासण्याचा अडथळा सलग असतो किंवा खरखरीत. डोळे मिटून दोन्ही ओळखायला तो दहा मिनिटांत शिकला.

त्या संध्याकाळी त्याच बॅटरीवर गाडी सव्वाबारा मिनिटं पळाली. मोटरवर बोट ठेवता आलं.

निर्णयाच्या जागा

मागं वळून पाहताना तीन वळणं दिसतात. पहिलं, वडिलांनी आणलेली बेअरिंग टेबलावर होती म्हणून मी ती बसवली. खराब झालेलं बेअरिंग हे कारण होतं की परिणाम, हे विचारलं नाही. दुसरं, दोन्ही चाकं जड म्हणून दोष मधे, हा तर्क. दोन बाजूंना दोन वेगळे दोष असू शकतात, हे मनातच आलं नाही. तिसरं वळण आबांमुळे नीट पार पडलं: त्यांनी यंत्राआधी माणसांना विचारलं. नट कोण आवळतं, कशानं, कधीपासून.

पुन्हा हे काम आलं तर

सुरुवातीची पाच मिनिटं पाना बाजूला ठेवून बोलण्यात घालवीन. गाडी शेवटची कुठं पळवली, काय निखळलं होतं, कुणी काय आवळलं. संक्रांत होऊन गेली होती, मी पुण्यात वाढलेला माणूस, मांजा मला सुचायला हवा होता.

मग मोटरचा गिअर मागं, ड्राइव्ह शाफ्ट बाहेर, आणि प्रत्येक हब नट आवळून एकदा, सैल करून एकदा. या चार फिरवण्यांत हे प्रकरण पहिल्याच दिवशी उलगडलं असतं: डावीकडं आवळल्यावर जड आणि सोडल्यावर मोकळं, उजवीकडं दोन्ही वेळा जड. मोटर हलवण्यापूर्वी गिअरमधलं अंतरही कागदानं तपासून लिहून ठेवीन.

डिफरन्शिअल उघडणार नाही. एका हातानं मोठा गिअर धरून एक चाक फिरवलं आणि दुसरं तितकंच उलटं, न अडखळता फिरलं, तर ते बंदच राहू द्यावं.

ॲक्सलवरची ती खाच अजून आहे. मुलानं उजव्या हबवर मार्करनं ठिपका काढलाय आणि दर चार बॅटऱ्यांनंतर तो ॲक्सल काढून नखानं खाच तपासतो, वाढली का ते. तो लांब पाना आबांनी स्वतःच्या पेटीत नेऊन ठेवलाय. त्याच्या जागी गाडीच्या डब्यात आखूड दांड्याचा सात नंबरचा पाना आहे, दोन बोटांत मावेल एवढा.